ओनेझिमची फळी

ओनेझिमला जगात बसायला एकच जागा होती, ती म्हणजे आमच्या गाडीची मागची फळी. बाकी सगळीकडून त्याला हाकललेलं होतं.

धंद्याने तो गिलावा करणारा. शिडी न लावता छताला हात पोचायचा, इतके लांब हात. अशा माणसाने बासरी वाजवावी, पण त्याने ट्रॉम्बोन धरला. मग काय, नाचघरात त्याची सरकती नळी पुढच्या व्हायोलिनवाल्याच्या टाळक्यात बसायची. एका लग्नात त्याने नवरीच्या आईचा केसांचा टोप त्या नळीने उचलला आणि थेट सुपाच्या पातेल्यात ठेवला. न्यू ऑर्लिन्समधल्या प्रत्येक बँडने त्याला एकदा घेतलं आणि एकदाच घेतलं. शेवटी आमचा म्होरक्या एव्हारिस्त, कॉर्नेट, म्हणजे आखूड कर्णा, वाजवायचा तो, म्हणाला, "ह्याला गाडीच्या मागच्या फळीवर बसवा, तोंड रस्त्याकडे करून. मारू दे हवेला."

तिथे मात्र तो फुलला. रविवारी दुपारी आम्ही नाचाची जाहिरात करत गल्लोगल्ली फिरायचो. लगाम माझ्या हातात, पुढे बिशप नावाचं खेचर, वर बँड आणि मागे ओनेझिम. त्याच्या नळीला अख्खा रस्ता मोकळा. दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातलं केळं तो सूर न तोडता काढायचा. खोटं वाटत असेल तर ज्यांची केळी गेली त्यांना विचारा. ज्याला पुढे जॅझ नाव पडलं, त्याचं निम्मं वाजवणं त्या फळीवर जन्मलं आणि उरलेलं निम्मं भांडणात.

भांडणाची रीत अशी. दोन बँडच्या गाड्या कोपऱ्यावर भेटल्या की चाकाला चाक दोरखंडाने बांधायचं, म्हणजे कुणी पळायचं नाही. मग वाजवायचं. गर्दी ज्याच्या बाजूला सरकेल तो जिंकला. गाठ जिंकणाऱ्याने सोडायची आणि हरलेल्याने खाली मान घालून जायचं. आणखी एक गोष्ट कुणी कुणाला सांगितलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. समोरच्याचा माणूस फोडून आपल्या बँडमध्ये घेतलात तरी चालेल, त्याच्या वाद्याला हात लावायचा नाही.

क्लिओफस कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडच्या बँडचा ट्रॉम्बोनवाला. तरणा, जाड ओठांचा, आवाज असा की मेलेली कोंबडी उठून अंडं घालेल. ओनेझिम त्याचा द्वेष करायचा आणि तो ओनेझिमचा. द्वेषाला काही कारण नव्हतं. म्हणूनच तो टिकला.

त्या उन्हाळ्यात ओनेझिमचा पुढचा दात हलायला लागला. ट्रॉम्बोनवाल्याचा दात हलला म्हणजे सुताराचा अंगठा गेला. क्लिओफसला बातमी लागली. त्याने एव्हारिस्तकडे सरळ निरोप धाडला: तुमची फळी मला द्या.

रविवारी बिशपला जुंपताना एव्हारिस्त ओनेझिमला म्हणाला, "आज सेंट क्लॉडच्या कोपऱ्यावर तो येतोय. हरलास तर फळी त्याची."

"आणि मी?"

"तू गिलावा कर. भिंतीला दात लागत नाहीत."

ओनेझिमने दाताला दोरा गुंडाळून तो शेजारच्या दाताला आवळला आणि फळीवर जाऊन बसला.

कोपऱ्यावर क्लिओफसची गाडी उभीच होती. ओनेझिम म्हणाला, "तेओजेन, शेपटाला शेपूट लाव. मला त्याचं तोंड दिसलं पाहिजे." मी गाडी उलटी लावली. मागची चाकं दोरखंडाने एकमेकांना बांधली. दोन फळ्या समोरासमोर, मध्ये हातभर-दोन हात जागा.

"काका," क्लिओफस म्हणाला, "दात खिशात ठेवा. माझ्या फुंकरीने उडेल."

"तुझ्या तोंडाला बीन्सचा वास येतोय. आधी गिळ, मग बोल."

"फळी पुसून ठेवलीय ना? माझी विजार नवी आहे."

"तुझ्या बापाच्या मयतीलाच घाल ती. नाहीतर थांब, आज तुझ्याच घालू."

वाजायला लागलं. कोपऱ्यावरच्या कालवंवालीचे शिंपले आपोआप उघडायला लागले, असं ती स्वतः सांगायची; फक्त त्या दिवशी तिने भाव का वाढवला ते सांगायची नाही. दोघांच्या नळ्या एकमेकांच्या कानाजवळून सुसाट जात होत्या. क्लिओफसचा आवाज मोठा होता आणि गर्दी त्याच्याकडे झुकू लागली. ओनेझिमच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला. एव्हारिस्तने कॉर्नेट खाली घेतलं आणि क्लिओफसकडे पाहून मान हलवली, भाजी पसंत पडल्यासारखी.

ते क्लिओफसला दिसलं आणि तिथेच त्याचं चुकलं. जिंकलेल्या माणसाने वाजवत राहावं. त्याला त्या हलत्या दातावर नळी मारायची होती. उकाड्यात नळी चालावी म्हणून त्याने तिला डुकराची चरबी फासली होती. त्याने हात पुरा लांबवला, मग आणखी लांबवला, आणि नळी त्याच्या मुठीतून निसटून ओनेझिमच्या कानाजवळून गेली, आमच्या फळीवर आपटली आणि खाली रस्त्यावर पडली, आमच्या मागच्या चाकाच्या जरा मागे. क्लिओफसच्या हातात नुसता भोंगा उरला.

गर्दी हसली. न्यू ऑर्लिन्सची गर्दी हसली की निकाल लागला.

ओनेझिमने एक जुनी शोकधून घेतली, प्रेताला नेताना वाजवतात ती, आणि क्लिओफसच्या डोळ्यांत बघत ती संपेपर्यंत वाजवली. पळायची सोय नव्हती, चाक बांधलेलं होतं. मग तो उतरला. रीतीप्रमाणे त्याने गाठ सोडली. नळीपाशी वाकला. लोकांना वाटलं, उचलून देतोय. त्याने ती चाकाखाली नीट आडवी ठेवली.

"तेओजेन, मागे घे."

एव्हारिस्त म्हणाला, "ओनेझिम, नको."

"काका," क्लिओफस हळू म्हणाला, "फळी तुमची. नळी द्या."

"मागे घे म्हटलं ना."

मी घेतली. खेचर मागे घेणं सोपं नसतं, पण बिशपलाही क्लिओफस आवडत नव्हता. पितळ चेपल्याचा आवाज झाला. त्यानंतर कुणी हसलं नाही. कालवंवालीने टोपली झाकली.

फळी ओनेझिमची राहिली. त्याला उठवायची एव्हारिस्तची हिंमत झाली नाही. पण पुढच्या रविवारपासून आमच्याशी चाक बांधायला कुणी येईना. लांबून बिशपचे कान दिसले की समोरची गाडी गल्लीत वळायची. भांडण नाही म्हणून गर्दी नाही, गर्दी नाही म्हणून नाचघरवाले नाहीत. क्लारिनेटवाला गेला, मग ढोलवाला, शेवटी एव्हारिस्त. क्लिओफस नवा ट्रॉम्बोन घेऊन शिकागोला गेला, असं ऐकलं. मी त्याच गाडीतून कोळसा वाहायला लागलो. मागच्या फळीवर ओनेझिम बसायचाच, काळाकुट्ट होऊन, नळी रस्त्यावर ताणून, एकही सूर न चुकवता.

एकदा सेंट क्लॉडच्या कोपऱ्यावर एका बर्फवाल्याची गाडी उभी होती. ओनेझिम उतरला. दोरखंड काढला, आपलं चाक त्याच्या चाकाला बांधलं, आणि पुन्हा फळीवर बसून वाजवायला लागला. बर्फवाल्याला आधी मजा वाटली. मग गाडीखाली पाणी ठिबकायला लागलं. तो गाठीला हात लावायला वाकला, तेव्हा ओनेझिमने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ उभा राहिला.

बर्फ अर्धा झाल्यावर त्याने टोपी काढली.

"काका, तुम्ही जिंकलात. सोडा आता."

ओनेझिमने त्याला आधी मान खाली घालायला लावली. मग गाठ सोडली.