बाविसाव्या दिवसाचा आकडा

तेजश्रीनं काचेची पट्टी साखरेच्या पाण्यात बुडवली आणि यंत्राकडे पाहिलं. आकडा बरोबर आला. आज बाविसावा दिवस. पट्टीवरच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थरात तिनं साखर ओळखणारं एन्झाइम अडकवून ठेवलं होतं. ते तीस दिवस असंच अचूक मोजत राहिलं, तर तिचा प्रबंध पुरा होणार होता.

मागे स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. सुनेनं लिंबागणेशहून बीडच्या कॉलेजात एकटीनं जायचं नाही, हा घरचा कायदा. म्हणून रुक्मिणीबाई रोज सोबत येत आणि प्रयोगशाळेत दिवसभर पहारा देत. या पहारेकरणीला एव्हाना सगळ्या बाटल्यांच्या जागा पाठ झाल्या होत्या, आणि शिपाईही तिला विचारूनच कुलूप लावायचा.

उद्यापासून हे बंद. सासरे बबनराव पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे होते. दारात माणसांची रीघ लागलेली, चहाला सून हवी. काल जेवताना ताटावरची नजर न उचलता त्यांनी तसं सांगून टाकलं. नवरा प्रवीण भात कालवत राहिला. तेजश्रीनं आठच दिवस मागितले, तर कुणी ऐकलंसुद्धा नाही. चार वर्षांची मेहनत चहात बुडणार, या संतापानं ती अर्ध्या ताटावरून उठली होती.

ती पट्ट्या डब्यात भरू लागली, तेव्हा रुक्मिणीबाईंनी बोट पुढं केलं.

"माझं रगत बघ यावर."

तिनं सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला. ब्याण्णव.

"काही न्हाई, आत्या. तुमाला साखर न्हाई."

"घरी दोनशे ऐंशी सांग. रोज तुज्यासंगं हितं तपासायला बोलावलंय म्हनावं."

जेवणानंतर गुळाचा खडा लागणारी ही बाई. तेजश्रीनं हळूच आठवण करून दिली, की मग चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळी बंद. रुक्मिणीबाईंनी पदरानं बोट पुसलं. लग्न झाल्यापासून इथं येईपर्यंत आपण घराबाहेर पडलो ते देवाला नाहीतर मयतीला, असं त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"बरं, आठ दिवस सांगते," तेजश्री म्हणाली. "अन् मग?"

"आठच कावून? ही साखर जन्माची असती," त्या म्हणाल्या, आणि आपलं स्टूल खिडकीजवळ सरकवून बसल्या.