दोन कप्प्यांचं कव्हर

विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं आणि तो माझ्यासमोर सरकवला. फोटोतून माझी बायको बघत होती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

चूक माझीच. आदल्या दिवशी मुलीच्या परदेशातल्या घरून निघालो, तेव्हा बसच्या तिकीट खिडकीवर म्हाताऱ्यांच्या सवलतीसाठी माझा पासपोर्ट काढला. परत ठेवला की तिथेच सोडला, देव जाणे. आम्हा दोघांचे पासपोर्ट एकत्र राहावेत म्हणून दोन कप्प्यांचं कव्हर मीच शिवलेलं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, पानांची जाडी मला बोटांनी कळते. बसमध्ये तीनदा खिसा चाचपला. कव्हरात एकच पुस्तक लागलं. आणि एकटा माणूस म्हणजे एकच पासपोर्ट, असा हिशोब करून मी खुशाल डुलकी काढली. तिचाही बरोबर आणलाय, हेच विसरलो. मेल्याला अक्कल म्हणून नाही.

माणूस गेला की त्याचा पासपोर्ट जमा करायचा असतो. ते शिक्का मारतात आणि कोपरा कापतात. मुलगी वर्षभर मागे लागली होती, मी आज-उद्या करत राहिलो. बाकी सगळ्या कागदांवर तिच्या नावामागे ‘कैलासवासी’ लागलं होतं. हे एक पुस्तक अजून तीन वर्षं चालणार होतं. ते मला कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं.

शहाण्याने पोलिसाची पायरी चढू नये म्हणतात, पण हरवल्याची नोंद केल्याशिवाय वकिलातीत कुणी उभं करत नाही. पोलिसाने विचारलं, “प्रवासी किती?” मी सवयीने म्हणालो, “दोघं.” मग ते खोडायला लावलं. त्यानंतर फोटो काढून घेतले. फोटोवाला हनुवटी वर करायला सांगत होता, आणि माझी हनुवटी काही वर राहत नव्हती.

वकिलातीतल्या खिडकीत आपली भाषा बोलणारी बाई निघाली. जीव भांड्यात पडला.

“घरी परतण्यापुरता कागद उद्या देते, काका. पासपोर्ट नंबर सांगा.”

“बायकोला पाठ होता.”

“झेरॉक्स?”

“तीच ठेवायची.”

मुलीला फोन लावला. तिच्याकडेही काही नव्हतं. ती म्हणाली, “बाबा, आईच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तुमचं नाव आणि पत्ता आहे ना? तो दाखवा.”

मला ते आधीच सुचलं होतं. सुचूनही मी गप्प होतो. दाखवला तर तो कापला जाणार होता, नाही दाखवला तर मी कोण हे सांगायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. खिडकीसमोर बराच वेळ उभा राहिलो. मागच्या माणसाने खाकरून घेतलं, तेव्हा कव्हर पुढे केलं.

बाईने नोंदी पडताळल्या. माझं नाव जुळलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, “काका, हा आता रद्द करावा लागेल.”

“कोपरा मी कापू? माझा हात सरळ चालतो.”

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कात्री माझ्याकडे सरकवली. आयुष्यात पुठ्ठ्याचे ढीग कापले, पण तेव्हा काप वाकडा गेला. शिक्का मारून पासपोर्ट परत देत ती म्हणाली, “चालेल.” मला मात्र चाललं नाही. कापलेला तुकडा मी खिशात टाकला.

“चिकटवू नका हं,” ती म्हणाली. मी काय काम करतो ते अर्जावर लिहिलेलं होतं.

“नाही चिकटवत.”

“घरी कोण आहे?”

“कुलूप.”

तिसऱ्या दिवशी ते कुलूप काढून घरात शिरलो. खोलीला बंद घराचा वास येत होता. खिशातला तुकडा टेबलावर ठेवला, शेजारी तिचा पासपोर्ट. जोड कुणाला दिसणार नाही असा चिकटवणं माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम. खळीचा डबा हाताशी होता. मी तो उघडला, वास घेतला आणि परत बंद केला. पासपोर्ट आणि तुकडा, दोन्ही तिच्या कप्प्यात ठेवून दिले.

मुलीचा फोन आला. “पोचलात?”

“पोचलो,” मी म्हणालो.

कुठूनही आलो की मी म्हणायचो, ‘पोचलो आम्ही.’ गेल्या चौदा महिन्यांत जीभ दर वेळी घसरायची आणि मुलगी ते ऐकून घ्यायची. या वेळी घसरली नाही. त्याचंच मला रडू आलं. फोन तसाच कानाला धरून मी रडलो, आणि तिकडून तिनेही फोन ठेवला नाही.