दुधातल्या दशम्या

आमच्या घराण्यात सहा पिढ्यांत कुणी आचार सोडलेला नाही. ह्याचं मुख्य कारण असं, की सहा पिढ्यांत कुणी फारसं घर सोडलेलं नाही. पूर्वज काशीला आले, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत स्थिरावले, आणि इथून पुढे जायचं कुठे हा प्रश्नच मिटला. सगळं जग इथे मरायला येतं. आम्ही आधीच येऊन बसलो होतो.

प्रश्न आईला पडला. तिचं नाव विद्युल्लता, पण विजेसारखं काही करायची संधी तिला सत्तरी गाठेपर्यंत मिळाली नव्हती. दिवाळीनंतर एके दिवशी ती गच्चीवर पापड वाळत घालता घालता म्हणाली, की मला समुद्र बघायचाय. मी म्हटलं, अगं, समोर एवढी गंगा आहे. त्यावर ती म्हणाली, हिला पलीकडचा काठ आहे. जन्मभर तो काठ बघितला. मला बिनकाठाचं पाणी बघायचंय. आणि जिथे जाऊ तिथे देऊळ नको. आजवरचे तिचे बहुतेक प्रवास दर्शनाचे होते, आणि त्या सगळ्या दर्शनांत ती रांगेबाहेर बाबांच्या वहाणा सांभाळत उभी होती.

म्हणून गोवा ठरलं. बाबांचे गुडघे बघता विमानाने, मुंबईला बदलून.

बाबा, म्हणजे गल्लीचे ढुंढिराजशास्त्री, एका अटीवर तयार झाले. घराबाहेर ते पाण्यात शिजवलेलं काही खात नाहीत. प्रवासात फक्त घरच्या दशम्या, दुधात मळलेल्या. पिठाला पाणी लागलं की ते अन्न घराबाहेर चालत नाही, दूध लागलं तर चालतं. असं का, हे विचारायचं नसतं. मी लहानपणी विचारलं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर ऐकत बसलो होतो. अट अशी, की वाटेत नियम मोडला तर ते जिथे असतील तिथून मागे फिरणार. ही नुसती धमकी नव्हती. आईच्या भाच्याच्या मुंजीला प्रयागला गेलो असताना आचाऱ्याने पुऱ्यांच्या कणकेत पाण्याचा हात लावलेला बाबांनी बघितला, आणि ते पंगतीतून उठून सरळ बसस्टँडवर गेले. मागोमाग आई, कारण त्यांची औषधं तिच्या पिशवीत असतात. मुंजीतले लाडू तिला नंतर कुणीतरी आणून दिले.

तेव्हा आईचा समुद्र दशम्यांवर अवलंबून होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांत जास्त सुनीतीला, कारण त्या करायच्या तिने होत्या. आईच्या मनगटाला हल्ली कणीक झेपत नाही.

सुनीती, माझी बायको, शाळेत भूगोल शिकवते. प्रवासाची तिला सवय आहे, नकाशावर. तिने बांधाबांध अशी केली की कपड्यांच्या बॅगेपेक्षा खाण्याची पिशवी मोठी झाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, तिळाच्या वड्या, संक्रांतीच्या राहिलेल्या गूळपोळ्या, खोबऱ्याची कोरडी चटणी. आमची मुलगी देवश्री म्हणाली, की मम्मा, फ्लाइट में सँडविच मिलता है. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. ती तिळाच्या वड्या मोजून डब्यात भरू लागली.

ह्यातलं बाबांना काहीच चालणार नव्हतं. पुऱ्या डॉक्टरांनी बंद केल्यात, चिवडा कवळीने, आणि वड्या, गूळपोळ्या दोघांनी मिळून. उरल्या दशम्या. त्या निघायच्या दिवशी पहाटे ताज्या करून, स्टीलच्या डब्यात घालून, तो डबा बाबांच्या जुन्या मुकट्याच्या तुकड्यात बांधला गेला. रेशमाला विटाळ होत नाही. विमानतळावर लोक काय काय करतात, ह्याबद्दल बाबांनी बरंच ऐकलं होतं.

टॅक्सी निघाली तेव्हा बाहेर धुकं असं होतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. मी त्याच्या शेजारी. मागे बाबा, आई, सुनीती, आणि कोपऱ्यात पोरगी. माझा मोबाइल वाजला. मागच्या सीटवरून सुनीतीचा मेसेज होता.

‘दूध आलंच नाही. धुक्यामुळे भैयाची सायकल नाही आली. दुकानं बंद होती. पाण्यात मळल्यात.’

मी मागे वळून बघितलं नाही. आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. बाबांच्या मांडीवर डबा होता आणि त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

मी लिहिलं, ‘कळणार नाही.’

तिचं उत्तर आलं, ‘वेळेवर खाल्ल्या तर नाही.’

हे मला समजायला थोडा वेळ लागला. दुधातली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पाण्यातली सकाळी मऊ असते, उन्हं वर आली की वातड होत जाते आणि दुपारपर्यंत तिचं चामडं होतं. बाबांनी पन्नास वर्षं दशम्या खाल्ल्या आहेत. त्यांना सांगावं लागणार नव्हतं. दशमीच सांगणार होती.

विमानतळावर सामानाच्या यंत्रापाशी बाबा अडले. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये पुढच्या माणसाने आपले बूट ठेवले होते, आणि तोच ट्रे फिरून परत येतो, हे त्यांनी ताडलं होतं. मी त्यांना म्हटलं, मुकटा आहे ना. ते मुकट्याकडे बघून विचारात पडले, आणि डबा ट्रेमध्ये न ठेवता थेट पट्ट्यावर ठेवला. तो पलीकडे निघाला तो बाजूला काढलेला.

वर्दीतल्या माणसाने विचारलं, ये क्या है. बाबांनी त्याला संस्कृतच्या फार जवळच्या हिंदीत सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, “बाबा, दूध में सना है न? तब त पक्का खाना भया. ले जाइए.”

“दुधातच,” बाबा मराठीत म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. बघ, पक्का म्हणजे बाहेर चालणारं, हे ह्यालाही कळतं. सुनीतीने बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

आत जाऊन बसलो आणि पाटीवर आमच्या विमानासमोर ‘विलंब’ उमटलं. किती विलंब, ते पाटीलाही माहीत नव्हतं. काचेबाहेर विमान असावं, पण दिसत नव्हतं. देवश्री म्हणाली, कोहरा छँटेगा तब जाएगा. आई काचेपाशी जाऊन उभी राहिली. पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. ती म्हणाली, समुद्र असाच असेल का रे, टोक नसलेला?

बाबांची खायची वेळ विमानात बसल्यानंतरची ठरली होती. सकाळची मधुमेहाची गोळी त्यांनी घरून निघतानाच घेतली होती. सुनीतीने सुचवलं, की बाबा, आत्ताच थोडं खाऊन घ्या, विमानाचं काही खरं नाही. माझी सून माझी काळजी करते, असा चेहरा करून बाबा म्हणाले, की संध्या झाल्याशिवाय कसं खाऊ. आणि ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. विमानतळावर संध्या करायला वेळ लागतो. बाबांना दर थोड्या वेळाने कुणीतरी मुंबई, हैदराबाद, दिल्ली असं ओरडून थांबवत होतं, आणि थांबलं की ते पहिल्यापासून सुरू करत होते.

मी आणि सुनीती शेजारी शेजारी बसून एकमेकांना मेसेज पाठवत होतो.

‘सांगून टाकू?’

‘सांगितलं तर आत्ता घरी. आईंना काय सांगाल?’

‘नाही सांगितलं तर चावल्यावर घरी.’

‘मग चावू दे.’ आणि लगेच पुढचा, ‘नाही. मला नाही जमणार. खोटं खायला घालतेय मी त्यांना.’

मी लिहायला घेतलं, की पाणी आणि दूध ह्यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने. मग ते पुसलं.

धुकं तसंच होतं. विलंबाच्या पुढे आणखी एक विलंब लागला. देवश्रीने पुऱ्या संपवल्या, शेजारच्या बंगाली बाईंना तिळाची वडी दिली, त्यांच्याकडून संदेश ही मिठाई घेऊन खाल्ली. बाबांची संध्या संपली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. बाहेर हाडं गोठतील अशी थंडी आणि ह्यांना घाम. ते हात मांडीवर दाबून बसले होते, हाताची थरथर आम्हाला दिसू नये म्हणून. आईला दिसली. तिला समुद्राशिवाय बाकी सगळं दिसतं.

“काढ ग डबा,” ती सुनीतीला म्हणाली.

सुनीतीने मुकटा सोडला. आईने वरची दशमी उचलली, दोन बोटांत धरून किंचित वाकवली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. दशमी जेमतेम वाकली. बोट सैल करताच परत सरळ झाली. आईने ती तशीच डब्यात ठेवली. सुनीतीकडे बघितलं. सुनीतीने नजर वळवली नाही, ह्याचं मला फार कौतुक वाटलं. 

“आलेच,” आई म्हणाली, आणि डब्याचं झाकण घेऊन कॉफीच्या काउंटरकडे निघाली. मी उठायला लागलो तर म्हणाली, तू बस बाबांपाशी.

बाबा म्हणाले, कुठे चालली ही. मी म्हटलं, दूध आणायला असेल. ते म्हणाले, दूध चालेल. दुधाला दोष नाही. गल्लीच्या तोंडावरच्या कुल्हडातलं दूध ते रोज घेतात. ह्या बाबतीत शास्त्र उदार आहे. मग त्यांनी हात पुढे केला. द्या एक.

सुनीतीने दशमी दिली नाही. ती डबा धरून उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मला एक सांगायचंय. ह्या दशम्या...”

“काय?”

काउंटरपाशी आई एका मुलीशी बोलत होती. मुलीने काहीतरी विचारलं, आईने हात उडवून हो, हो, तेच दे, असं केलं.

“काय झालं दशम्यांना? दुधातल्याच आहेत ना?”

बाबांचा आवाज मऊ होता. त्याचीच मला भीती वाटली. प्रयागच्या पंगतीतही त्यांनी मऊ आवाजातच विचारलं होतं. त्यांचा थरथरता हात हवेत तसाच होता, आणि देवश्रीनेही मोबाइल खाली ठेवला. सुनीतीचे ओठ उघडले.

तेवढ्यात आई आली. वाफाळतं दूध झाकणात ओतून तिने आणलं होतं. ती बसली, सुनीतीच्या हातून डबा घेतला, दोन दशम्यांचे तुकडे केले. तुकडे होताना आवाज आला. ते तिने दुधात टाकले, बोटांनी दाबले, पुन्हा दाबले, आणि झाकण बाबांच्या मांडीवर ठेवलं.

“दुधातच आहेत,” ती म्हणाली. “बघा की.”

बाबांनी बघितलं. झाकणात बघितलं, मग आईकडे, मग सुनीतीकडे. मी सुनीतीचा दंड धरला. बाबांनी एवढा वेळ बघत राहायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. दशम्या दुधात होत्या, ह्यात वाद नव्हता. ते तर्कशास्त्र शिकवलेले गृहस्थ आहेत. वाक्याचे किती अर्थ होतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग त्यांनी हातावर पाणी घेतलं, ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, आणि पहिला घास घेतला.

आम्ही चौघं तो घास बघत होतो. कवळी हलली, थांबली, हलली. दुसरा घास गेला. तिसऱ्यानंतर घाम थांबला असावा, किंवा मला तसं वाटलं. झाकण रिकामं झालं.

“दूध चांगलं आहे,” बाबा म्हणाले. “किंचित गोडसर. ह्या गाईला चारा चांगला मिळतोय.”

आईने मान वळवली आणि काचेबाहेर बघितलं. बाहेर पहिल्यांदाच विमानाचं शेपूट दिसत होतं. पाटीवरचा विलंब गेला, आमच्या विमानाचं नाव पुकारलं, आणि आई पिशवी खांद्याला लावून रांगेत सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिली. तिला असं पुढे उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

सुनीती खाली बसली. ती माझ्या कानात म्हणाली, की मी गोव्याला पोचल्यावर सांगणार आहे त्यांना. मी म्हटलं, परत येताना सांग.

बाबांनी मला हाक मारली. आणखी थोडं मिळालं तर बघ, म्हणाले, विमानात गोळीबरोबर घेईन. मी धावत काउंटरवर गेलो आणि एक गरम दूध मागितलं.

“वही वाला न, जो अम्मा को दिया?” मुलीने विचारलं. “ओट वाला? दूध तो आज आया ही नहीं, भैया. कोहरे में गाड़ी फँसी है. अम्मा को बताया था, बोलीं, हाँ हाँ, वही दे दो.”

मी विचारलं, ओट म्हणजे काय. “अनाज का दूध,” म्हणत तिने खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि कप भरायला घेतला. खोक्याच्या बाजूला घटक छापले होते.

पहिला घटक पाणी होता.