आडवा फोटो

माझं डोकं तापट आहे, हे अख्ख्या पुणतांब्याला ठाऊक आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर विहाराशेजारच्या दोन खोल्यांत निराधार म्हाताऱ्या सांभाळायला लागले. तेव्हा पाचजणी होत्या, आणि त्यांत सगळ्यात हट्टी राहीमावशी.

मावशीला कमरेखाली काही कळत नव्हतं. गोदावरी आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, पण तीन वर्षांत तिनं नदी पाहिली नव्हती. जन्मभर नावेतून पलीकडं कामाला गेलेली बाई ती. खाट उचलून नेऊ म्हटलं, तर म्हणायची, आडवं होऊन नदीवर एकदाच जायचं असतं. रोज सकाळी मी चहा दिला की सांगायची, "आज पानी खाटंखाली आलं हुतं. पाय भिजले. लई गार लागलं." ती इतकं शांतपणे सांगायची, की मी खरोखर वाकून बघायचे. खाली फरशी कोरडी असायची.

नव्याण्णवच्या दिवाळीत माझा भाचा नितीन आला. तो नागापूरच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला. त्यानं सांगितलं, की इंटरनेटवर एक वेबसाईट निघाली आहे. आपल्यासारख्या छोट्या संस्था तिथं आपली गरज मांडतात, देशोदेशीची माणसं ती वाचतात, पत्रं लिहितात, ओळखी होतात, जमेल ते पाठवतात. ना देखल्या, ना ऐकल्या माणसाला कोण कशाला काय पाठवेल, असं मी म्हटलं. पण चाकाची खुर्ची मागून टाक, असंही म्हटलं. त्यासाठी मावशीचा फोटो लागणार होता.

झालं! परदेशात फोटो जाणार म्हटल्यावर आमच्याकडं पाहुणे यायची असल्यासारखी धांदल उडाली. भिंतीला चुना लागला. शेजारच्या कचरूनं शाळेतून हेडमास्तरांची हातांची खुर्ची उचलून आणली. मावशीला माझी ठेवणीतली साडी नेसवली, खुर्चीत बसवलं. तिनं स्वतःच्या हातानं पदर ओढून पाय झाकून घेतले. नितीननं फोटो काढला. मावशी कॅमेऱ्याकडं न बघता दाराबाहेर, नदीच्या अंगाला बघत होती.

महिन्याभरानं नितीन उत्तराचा कागद घेऊन आला. वेबसाईटवाल्यांनी नम्रपणे लिहिलं होतं, की या आजी चांगल्या खुर्चीत व्यवस्थित बसलेल्या दिसतात, तेव्हा गरज नीट समजत नाही. खरी परिस्थिती दिसेल असा फोटो पाठवावा.

माझं टाळकंच सरकलं. त्यांना काय शिव्या घालायच्या त्या मनातल्या मनात घातल्या, मग स्वतःला घातल्या. नितीनला म्हटलं, काढ कॅमेरा, खाटेवरचा फोटो घे. मावशीनं तोंडावर पदर घेतला.

"मानसाचा आडवा फोटू एकदाच काढत्यात, जयमाला. मी अजून हाय."

मी नितीनला कॅमेरा आत ठेवायला सांगितलं. तीस वर्षांत मला असं कुणी सुनावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरू आणि त्याचा भाऊ सहादेव खुर्ची शाळेत परत न्यायला आले. खुर्ची वजनदार, म्हणून त्यांनी तिच्या दोन्ही हातांखालून बांबू घालून बांधले होते. मी त्या बांबूंकडं बघितलं आणि स्वतःच्या डोक्यावर मारून घेतलं. महिनाभर खुर्ची घरात होती! म्हटलं, शाळा राहू द्या, आधी मावशीला बसवा.

पेरूच्या बागांमधून आम्ही निघालो; मुक्कामाला राहिलेला नितीनही कॅमेरा घेऊन मागून आला. मार्गशीर्षातलं धुकं इतकं दाट, की पुढचा कचरू दिसेना, मागचा सहादेव दिसेना, आणि मावशी एकटीच हवेतून तरंगत चालल्यासारखी वाटत होती. नदीचा वास आला तशी ती ताठ बसली. "पान्यात ठेवा," म्हणाली. दोघं घोटाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी हेडमास्तरांची खुर्ची गोदावरीत टेकवली.

धुक्यातून पाणी संथ येत होतं आणि मावशीच्या पायांवरून पुढं जात होतं. ती पलीकडचा काठ शोधत बराच वेळ बघत राहिली. मग हळूच माझ्याकडं वळली.

"भिजले का गं पाय?"

स्वप्नात तिला गार लागायचं, आणि आज खरं पाणी आलं होतं तर ते दुसऱ्याला विचारावं लागत होतं.

"भिजले, मावशी. चांगले भिजले."

तिनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. काटकीसारखे दोन्ही पाय उघडे पडले. "मंग घे फोटू," ती नितीनला म्हणाली. "पाय दिसू दे."

तोच फोटो वेबसाईटवर गेला. पुढच्या उन्हाळ्यात टेम्पोतून चाकाची खुर्ची आली. आता मी मावशीला रोज सकाळी नदीवर नेते. ती रोज तेच विचारते, कधी कधी दहा दहा वेळा. गावाला सांगून पटणार नाही, पण मी एकदाही चिडलेली नाही. दर वेळी वाकते, तिच्या पायांना हात लावते आणि सांगते, भिजले.