भुऱ्याचा गुन्हा

“कुत्रं कुणाचं?” हवालदारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“आमचंच हाय. आमी कुठं न्हाई म्हनतोय?” धोंडुबाईचा आवाज चढला. “पर ह्यो बाबा मेंढरांत कशाला शिरला, ते इचारा की!”

चौकीत समोरच्या बाकावर शिवतेज बसला होता. वय पस्तिशीचं, कऱ्हाडात नोकरी. उजवा हात प्लास्टरमध्ये, पोटरीला पट्टी. शेजारी त्याची वकील बहीण, रेश्मा.

दिवाळी सरली की धोंडुबाई आणि तिचा नवरा बिराप्पा आटपाडीकडून मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खाली येत. यंदा उंब्रजजवळ आप्पासोंच्या मोकळ्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. भोवती वाघरीचं जाळं ताणलेलं आणि राखणीला भुऱ्या कुत्रा. परवा दुपारी धोंडुबाई भाकरी थापत असताना शिवतेज मोबाईल डोळ्यांपुढं धरून, त्यावर खेळ खेळत बांधावरून आला. त्या खेळात म्हणे रान खरं दिसतं आणि त्यात खोटी जनावरं बागडतात; ती धरायची. एक जनावर नेमकं मेंढरांत जाऊन बसलं होतं.

“आवं, तिकडं नगा जाऊ, कुत्रं हाय!” ती दोनदा ओरडली. त्याच्या कानांत ते पांढरे बोळे होते. जाळ्यात पाय अडकून तो मनगटावर आपटला, मेंढरं उधळली आणि भुऱ्यानं त्याची पोटरी धरली. बिराप्पानं हाक मारताच सोडलीसुद्धा.

“खेळ ज्याचा, त्याला बोलवा,” धोंडुबाई म्हणाली. “मेंढरांत जनावर त्यानं सोडलं.”

हवालदार हसले. “ती कंपनी परदेशातली, बाई. तिला कुठनं आनू?”

“आणून उपयोगही नाही,” रेश्मा म्हणाली. “खेळताना इजा झाली तर जबाबदारी माझी, हे सुरुवातीलाच मान्य करावं लागतं. दादानं केलंय.”

“मग झालं की! त्येनीच कबूल केलंय!”

“ते कंपनीपुरतं, मावशी. तुमच्यापुरतं नाही.”

“म्हंजी बोलावनारा सुटला आनि वरडून सांगनारी घावली?”

रेश्मानं कागद पुढं सरकवला. तडजोडीचा मजकूर तयारच होता. चौथीपर्यंत शिकलेली धोंडुबाई बोट फिरवत वाचू लागली. ‘आमचे कुत्रे चावरे असून आम्ही ते निष्काळजीपणे मोकळे सोडले. यापुढे साखळीला बांधून ठेवू.’

“चावरं न्हाई त्ये. राखन्या हाय. ह्यो सबूद खोडा.”

“एका शब्दानं काय हुतंय?” हवालदार वैतागले.

“तुमास्नी काय न्हाई हुत.”

शिवतेज पहिल्यांदाच बोलला. “रेश्मा, खोड ना. त्या ओरडल्या होत्या बहुतेक. मला काहीतरी ऐकू आलं होतं.”

“दादा, तू बोलू नकोस.”



एवढ्यात बिराप्पा दारातून आत आला. “सही कर गं. आप्पासोंनी रान सोडाया लावलंय. कोर्टकचेरीत पडायचं न्हाई म्हनत्यात. मेंढरं सकाळधरनं उपाशी हायती.”

“मी न्हाई करायची.”

बिराप्पानं कागदावर स्वतःचा अंगठा उठवला.

दुपारी मेंढरं पाटणच्या रस्त्याला लागली. भुऱ्याला बिऱ्हाड लादलेल्या घोडीच्या खोगिराला साखळीनं जखडलं होतं. रोज तो रस्त्याकडेच्या उसाची बाजू राखत कळपाबरोबर पळायचा. आज ती बाजू उघडी पडली. मेंढरं रस्ताभर पसरली, मागून गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. दोन मेंढ्या थेट कुणाच्यातरी उसात घुसल्या.

धोंडुबाईनं लुगडं खोचलं, काठी उचलली आणि पन्नाशी उलटलेल्या पायांनी त्यांच्यामागं उसात शिरली. पाल्यानं दंड कापत गेले. मेंढ्यांना हुसकून ती बाहेर आली तेव्हा छातीचा भाता झाला होता. भुऱ्या साखळी ताणून तिच्याकडं बघत केकाटत होता.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. आणखी एक मेंढरू उसाकडं वळलं होतं. ती पळाली.