मधोमध कारंजे

मी एक जुने चित्र आहे. सृष्टीतली शिस्त, समतोल आणि सौंदर्य माझ्यात एकवटले आहे. म्हणजे, मित्रांनो, दोन्ही बाजूंना लाल फुलांचे वाफे, दोरी लावून छाटलेली कुंपणे आणि मधोमध कारंजे. माझ्यातल्या एकाही फुलाला मनासारखे वाकायची मुभा नाही.

मला रंगवताना चित्रकाराने बागेच्या मधल्या वाटेवर बसायला हवे होते. तिथे ऊन फार. म्हणून तो बाजूच्या झाडाखाली बसला आणि मधोमध बसल्यासारखे रंगवत राहिला. तरी लोक म्हणाले, "वा! एक बाजू झाकावी, दुसरी काढावी!" या कौतुकाने मी फुलून गेले. तेव्हाच घाबरायला हवे होते.

पुढे मी एका घराच्या बैठकीत आले. तिथले वडील रोज मऊ फडक्याने माझी धूळ पुसत. ते गेले आणि वाटण्या सुरू झाल्या. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण, दोघांनाही मीच हवे.

"दोन्ही बाजू सारख्याच आहेत," भाऊ म्हणाला. "मधून कापू."

मला वाटले, थट्टा आहे.

"चालेल," बहीण म्हणाली.

फ्रेमवाला आला. त्याने मला चौकटीतून काढून जेवणाच्या टेबलावर उताणे निजवले. शेजारी पाते ठेवले. भीतीने माझ्या कारंज्याचे पाणी थिजले असते. पण ते मुळात थिजलेलेच.

"आधी मोज, दादा. तुझे अंदाज मला माहीत आहेत."

भावाने टेप लावला. पुन्हा लावला. कारंज्याच्या डावीकडे बाग वीतभर जास्त भरली.

"डावी माझी. मी मोठा."

"म्हणून सगळं मोठं तुलाच होय? कारंजं सोड, कॅनव्हासच्या बरोबर मध्यावर काप."

"म्हणजे अख्खं कारंजं तुझ्याकडे? शहाणीच आहेस!"

फ्रेमवाला पाते उचली, ठेवी, पुन्हा उचली. दर वेळी त्याची थंड सावली माझ्या वाफ्यांवरून सरके. शेवटी त्याने ते खिशात घातले. "ठरलं की बोलवा," म्हणाला आणि गेला.

अजून ठरलेले नाही. त्या बंद घरात मी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभे आहे. दार वाजले की मला पातेच आठवते. मित्रांनो, चित्रांना जपा. धूळ पुसा, ओल लागू देऊ नका आणि आमची वाटणी करू नका.

भावाने आणि बहिणीने आपापल्या घरी बागेचे कॅलेंडर टांगले आहे.