ओसीच्या मागोमाग

१९७९ सालच्या मार्चमधली गोष्ट. ओसी रॅटलिफला पुरून पुरता आठवडा झाला नव्हता, आणि आर्व्हेला स्टिडम हार्लो गॅपच्या रेडिओ स्टेशनवर ब्यूफर्ड केलशी भांडत उभी होती.

"ओसीची रेकॉर्ड संपली की लगेच मी गाणार," ती म्हणाली. "मध्ये कुणी नाही."

"अगं बाई, बस तरी."

"बसायला आले नाहीये."

ब्यूफर्ड शनिवार दुपारचा गाण्यांचा कार्यक्रम सादर करायचा. टेनेसीच्या त्या डोंगरांत त्याचा आवाज पाळीव जनावरंही ओळखत. आजचा कार्यक्रम ओसीच्या आठवणीसाठी होता.

"एका बाईच्या पाठोपाठ दुसरी बाई लावत नाहीत, हे तुला मी सांगायला हवं? लोक स्टेशन बदलतात."

"कोण लोक? नावं सांग."

"ते त्या पिठाच्या कंपनीला विचार. त्यांच्या जाहिरातीवर चाललाय कार्यक्रम."

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्या काळी गावोगावची स्टेशनं तो पाळत. एक बाई, मग तीन-चार पुरुष, मग वाटलंच तर दुसरी बाई. आताच्या पोरींना खरं वाटायचं नाही. ओसी आणि आर्व्हेला एकाच दरीतल्या, एकाच चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गायला शिकलेल्या. पण पुढे दोघींच्या वाट्याला मिळून जागा एकच आली. ओसीला बोलावलं की आर्व्हेला घरी. मग कार्यक्रम भरवणाऱ्यांनी दोघींचं हाडवैर असल्याचं उठवून दिलं, कारण वैरावर तिकिटं खपत. एका जत्रेत तर ओसीची बाजू घेऊन एका बाईनं आर्व्हेलाच्या अंगावर लिंबाचं सरबत फेकलं होतं. त्या संध्याकाळी दोघी बसच्या मागच्या बाकावर लपून, तोंडात रुमाल कोंबून हसल्या होत्या. पुढे ओसीला रेकॉर्ड कंपनीनं धरलं, आर्व्हेलाला सोडलं. आर्व्हेला शाळेच्या स्वयंपाकघरात लागली.

शेवटी ओसीच्या फुप्फुसांनी दगा दिला. बोलायला दम पुरत नव्हता, तरी तिनं आर्व्हेलाचा हात धरून सांगितलं होतं, "माझी आठवण काढतील ना रेडिओवर, तेव्हा माझ्या मागोमाग तू गा. मध्ये एकही बाप्या नको. मेल्यावर तरी."

आर्व्हेलानं हो म्हटलं होतं. आयुष्यात कुणी तिच्याकडे मागितलेलं असं हे एकच.

"नियम ओसी जिवंत असताना पाळलास," ती आता ब्यूफर्डला म्हणाली. "आज कशाला? आज ती कुणाच्या आड येतेय?"

ब्यूफर्डनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. ओसी, मग तू. एकच गाणं. झालं समाधान?"

तो इतक्या लवकर वळेल असं तिला वाटलं नव्हतं.

स्टुडिओत डॉयल प्रेटर पाय पसरून बसला होता. गायक म्हणून त्याचं नाव मोठं, आणि ते तो विसरू द्यायचा नाही.

"काय आर्व्हेला, हात धुऊन आलीस ना? घेवड्याचा वास सुटलाय."

"तुझ्या केसांना तेल चोपडलंयस ना, त्यात दबेल तो."

तेवढ्यात काचेपलीकडे ब्यूफर्डनं ओसीची रेकॉर्ड लावली, आणि खोलीत ओसीचा आवाज भरला. तिशीतली ओसी, धाप नाही, खोकला नाही. आर्व्हेला गिटार घेऊन माइकपाशी गेली. शेवटचा सूर विरला, ब्यूफर्डनं बोटानं खूण केली, आणि तिनं डोळे मिटले.

चर्चमध्ये दोघी पहिल्यांदा गायल्या होत्या तेच भजन तिनं धरलं. पहिल्या ओळी घोगऱ्या आल्या. मग गळा मोकळा झाला, आणि वरच्या पट्टीत, जिथं ओसी तिला नेहमी साथ द्यायची तिथं, तिनं किंचित थांबून तेवढी जागा रिकामी सोडली. डोळे उघडले तेव्हा डॉयल टोपी हातात घेऊन उभा होता.

"छान झालं," ब्यूफर्ड काचेमागून म्हणाला. मान मात्र त्यानं वर केली नाही.

बाहेर ओसीचा नवरा होबार्ट आपल्या ट्रकमध्ये बसून रेडिओ ऐकत होता. आतल्या माणसांची तोंडं बघायची नाहीत म्हणून तो आत गेलाच नव्हता. आर्व्हेला दार उघडून शेजारी बसली.

"झालं रे होबार्ट. तिच्या मागोमाग गायले."

होबार्ट तिच्याकडे वळला. "कधी?"

"कधी म्हणजे? आत्ता."

"ओसी संपली, मग पिठाची जाहिरात झाली," तो चाचरत म्हणाला. "मग डॉयलची जुनी रेकॉर्ड. मला वाटलं, तुझा धीर सुटला."

आर्व्हेलानं मांडीवरची गिटार सरळ केली. माइक चालू असला की भिंतीवर लाल दिवा लागतो. तो लागला होता की नाही, हे डोळे मिटून गाणाऱ्या बाईला कुठून कळणार?

"थांब, त्याचं थोबाडच फोडतो."

"नको. मग तो माफी मागेल, आणि ती मला ऐकून घ्यावी लागेल. गाडी काढ."

"मग इथं गा. मी तरी ऐकतो."

"गाडीत गा असं तिनं सांगितलं नव्हतं," आर्व्हेला म्हणाली.

होबार्ट वर्षभरात गुरं विकून ओहायोला मुलीकडे गेला आणि तिथंच वारला. डॉयल मिसूरीत सहलीला येणाऱ्यांपुढे गात राहिला, आवाज गेल्यावरही. त्या दुपारबद्दल त्यानं कधी तोंड उघडलं नाही. ब्यूफर्डला रेडिओवाल्यांनी मानपत्र दिलं. त्या समारंभात त्यानं सांगितलं, की ओसीच्या मागोमाग आर्व्हेला स्टिडम गायली आणि पंचक्रोशीत एकही डोळा कोरडा राहिला नाही. लोकांना ते पटलं. हळूहळू आपण ते ऐकल्याचंही त्यांना आठवू लागलं.

आर्व्हेला निवृत्त होईपर्यंत शाळेच्या स्वयंपाकघरातच होती. पोरांचे आईबाप शाळेत यायचे, तिला बघून थबकायचे. "त्या दिवशी रेडिओवर ऐकलं हो तुम्हाला. रडले मी." सुरुवातीला ती म्हणायची, "नाही, तुम्ही ऐकलं नसणार." लोक दुखावायचे. पुढे पुढे ती नुसती मान हलवायची, आणि रांगेतल्या पुढच्या पोराच्या ताटात घेवडा वाढायची.